कुत्रा, क्रिएटिनिन आणि कसारा घाट : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नाशिक आणि परिसरात राहणाऱ्या, घरात एक कुत्रा आणि बँकेत थोडी शिल्लक असणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. शिल्लक ही अट फक्त प्रवेशापुरती. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हिचा फारसा उपयोग नाही. त्यांचे स्पेशालिस्ट रिक्षाच्या मीटरवर मावतात. आपल्याला मध्ये एक घाट लागतो.

सरावासाठी लॅब्रॅडोर घ्या. वय सहाच्या पुढे, वजन तीस किलोच्या आसपास, नाव ब्रूनो. नावावर डोकं खर्च करू नका. संध्याकाळी गंगापूर रोडवर "ब्रूनो" अशी हाक मारली तर दोन-तीन कुत्रे तरी वळून बघतात, त्यात आपला एक असतोच.

पायरी पहिली : आजार मिळवणे

गोचीडतापासाठी काहीच करावं लागत नाही. पावसाळ्यात गवतातून फिरवून आणलं की तो आपणहून घरी येतो. पण डॉक्सिसायक्लिनच्या महिनाभराच्या गोळ्या, मध्ये मध्ये प्लेटलेटची मोजणी, एवढ्यावर तो बहुतेक वेळा गावातच आटोपतो, म्हणून आपल्या अभ्यासक्रमात बसत नाही. स्पेशालिस्टपर्यंत जायचं तर मूत्रपिंड, हृदय, मणका, डोळा असं काहीतरी भारदस्त हवं. नाशिककरांचं नशीब असं, की यातल्या पहिल्यासाठी लागणारा माल आपल्याच जिल्ह्यात पिकतो.

फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतहून मामा येतात. हातात द्राक्षांची पेटी. एक्स्पोर्टचा माल, बाजारात असला मिळायचा नाही, हे सांगून होईपर्यंत पेटी सोफ्याशेजारी जमिनीवर टेकते आणि सगळे चहाला आत जातात. एवढी कृती पुरते.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे जनावरांच्या डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. कशामुळे, ते कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. क्रीम ऑफ टार्टर घालून घरी केलेला, लहान मुलांच्या खेळण्यातला पिठाचा गोळा खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये त्यांना हीच लक्षणं दिसली होती. चिंचेतही हेच आम्ल भरपूर असतं. द्राक्षात ते जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे कमीजास्त होतं, त्यामुळे एक कुत्रा घडच्या घड खाऊन ढेकर देतो आणि दुसरा मूठभरात आडवा होतो. आपला कुठल्या गटातला, हे खाल्ल्यावरच कळतं.

इथे मामा पुरावा देतात. "आमच्या मळ्यातला वाघ्या जन्मभर बागेत पडलेली द्राक्षं खातोय. त्याला कधी काही झालं नाही." मामा खोटं बोलत नाहीत. वाद घालू नका, पेटी त्यांनी आणली आहे.

पायरी दुसरी : वाट पाहणे

द्राक्षं पोटात गेल्यापासून साधारण दोन तासांच्या आत डॉक्टरकडे नेलं, तर उलटी करवून ती बाहेर काढता येतात. या टप्प्यावर खर्च शेकड्यांत असतो. पण मग पुढच्या पायऱ्या शिकायच्या राहून जातात, म्हणून बहुतेक कुटुंबं वाट बघणं पसंत करतात. शेजारच्या काकू ताक सुचवतात. वॉचमन ओवा सुचवतो. कोणीतरी म्हणतं, गवत खातोय ना, मग पोट साफ करतोय तो, जनावराला सगळं कळतं. जनावराला सगळं कळत असतं तर पेटी शिल्लक राहिली असती, हा विचार मनात आला तरी बोलून दाखवू नये.

दरम्यान रविवार येतो. घरातले मिसळीला जातात, ब्रूनोसाठी नेहमीसारखा एक पाव बांधून आणतात. ब्रूनो पावाकडे बघून मान फिरवतो. लॅब्रॅडोरनं पाव नाकारणं हे कुठल्याही रिपोर्टइतकं गंभीर आहे, आणि एवढं तरी मी विनोदानं सांगत नाही. उलट्या, मलूलपणा, आधी खूप पाणी पिणं आणि मग लघवी कमी होत जाणं, हे सगळं एक ते तीन दिवसांत दिसू लागतं. या काळात घरातली माणसांची अंगदुखीची गोळी "अर्धीच देऊ" म्हणून दिली जाते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला विषासारखं आहे. ज्यांना मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या बिलापाशी पोचायचं आहे, त्यांच्यासाठी तो जवळचा रस्ता.

पायरी तिसरी : गावातला डॉक्टर

केसपेपरवर कुत्र्याचं नाव आणि तुमचं आडनाव एकत्र लिहिलं जातं. 'ब्रूनो देशपांडे' हे वाचून आजोबांना काय वाटेल याची काळजी करू नका. त्यांना यापुढे वाटण्यासारखं बरंच आहे. नंबर आला की रिसेप्शनवरची मुलगी विचारते, "ब्रूनोचे पप्पा कोण?" बँकेतून निवृत्त झालेला, पेन्शनर संघाचा खजिनदार असलेला गृहस्थ उठून उभा राहतो. सराव नसेल तर पहिल्यांदा उठायला वेळ लागतो. दुसऱ्यांदा लागत नाही.

मग वजन. औषधं किलोच्या हिशेबानं द्यायची असल्यानं ते अचूक हवं. ब्रूनो काट्यावर तीन पाय ठेवतो, चौथा तुमच्या बुटावर. काटा लहान असेल तर आधी तुम्ही कुत्र्याला उचलून चढायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी कंपाउंडर मोठ्यानं करतो. त्यात तुमचं स्वतःचं वजन प्रतीक्षागृहात जाहीर होतं. याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

रक्त तपासलं जातं. मूत्रपिंडाचा हिशेब सांगणारं क्रिएटिनिन कुत्र्यात साधारण दीडच्या आत असावं. ब्रूनोचं पाचाच्या पुढे येतं. पुढच्या पायाला सुई, सलाइन, दिवसातून दोन फेऱ्या. चिठ्ठीतली बरीच औषधं माणसांचीच असतात, म्हणून ती आपल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळतात. तिथे असा संवाद होतो:

"पेशंटचं वय?"

"सहा."

"सहा वर्षांच्या मुलाला एवढा डोस?"

"मुलगा नाही, कुत्रा आहे."

दुकानात रांगेत उभे असलेले सगळे वळून बघतात. बिलावर पेशंटचं नाव म्हणून मेडिकलवाला तुमचं नाव टाकतो. पुढे कधी ते बिल कपाटात सापडलं, की घरच्यांना तुमच्या मूत्रपिंडाची काळजी लागते.

ज्यांचा हात इथेच आखडतो, त्यांच्यासाठी अशोकस्तंभाजवळ सरकारी पशुचिकित्सालय आहे. तिथे केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. शेजारी एखादी शेळी बसलेली असू शकते. ब्रूनोनं आयुष्यात शेळी पाहिलेली नसते. त्या भेटीची नोंद केसपेपरवर होत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन थोडे थांबतात आणि म्हणतात, "काका, एकदा स्पेशालिस्टला दाखवून घ्या." 'एकदा' हा शब्द ते सवयीनं वापरतात.

पायरी साडेतीन : स्पेशालिस्ट इथे का नाही, असं विचारणे

ही पायरी ऐच्छिक आहे, पण सगळेच चढतात. एवढं मोठं शहर, विमानतळ, वाइनरी, कुंभमेळा, आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला वेगळा डॉक्टर नाही? उत्तर साधं आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात वर्षभराची इंटर्नशिप. त्यावर शस्त्रक्रिया किंवा मेडिसिनमधली पदव्युत्तर पदवी. महाराष्ट्राचं पशुविज्ञान विद्यापीठ नागपूरला. त्याची जुनी महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी विखुरलेली. तिथून बाहेर पडणाऱ्यांना शिकवलं जातं ते मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याविषयी, आणि ते योग्यच आहे, कारण राज्य त्यांच्यावर चालतं. एवढं शिकून केवळ कुत्र्याच्या एका अवयवावर पोट भरायचं तर त्या अवयवाचे आजारी रोज दारात हवेत, आणि प्रत्येकाच्या मागे पैसे देणारा माणूस हवा. तशी गर्दी मोठ्या शहरात जमते. त्यामुळे नाशिकचा डॉक्टर एकटाच हृदय, हाड, कातडी, दात आणि मालकाची समजूत एवढं सगळं सांभाळतो. त्याची फी वाढली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी सलूनचे दर आठवावेत.

पायरी चौथी : दिशा ठरवणे

मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, पुणे दोनशेच्या थोडं पुढे. पुण्याला घाट सौम्य, पण सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चाकणपाशी पोचलात, की उरलेला वेळ तिथेच काढायचा. मुंबईच्या वाटेवर घोटी आणि पडघ्याचे टोलनाके. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीच्या पुढचा टप्पा 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. ड्रायव्हर मात्र जुन्याच रस्त्यानं नेतो, कारण त्याचं चहाचं ठिकाण त्या रस्त्यावर आहे.

रेल्वेचा विचार येईल. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये ब्रूनोला मांडीवर घेऊन बसता येत नाही. कुत्र्याला सोबत न्यायचं तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन लागते, आणि तो वर्ग त्या गाडीला नाही. दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी. ती एकदा जाऊन बघा. बघितल्यावर टॅक्सीचे पैसे स्वस्त वाटू लागतात.

मुंबईत जायचं कुठे? परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय 1883 पासून आहे, आणि मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चं. आपल्याकडे माणसांच्या डॉक्टरांचीही मारामार होती, त्या काळात पारशांनी घोड्या-बैलांसाठी इस्पितळ बांधलं. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, 165 कोटी रुपये खर्चून. त्यामागची गोष्ट पाठ करून ठेवा, सातव्या पायरीत लागेल. रतन टाटांनी आपला कुत्रा सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेला होता. तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला होता, सांधा बदलता आला नाही. कसारा घाट ओलांडताना हे आठवलं तर थोडं बरं वाटतं. आपला प्रवास एका दिवसात तरी संपतो.

पायरी पाचवी : ड्रायव्हर

फोनवर आधी कुत्र्याचं सांगू नये, असा एक मतप्रवाह आहे. तो चुकीचा आहे. सांगावं. पहिला ड्रायव्हर "चावतो का?" विचारतो, दुसरा "केस पडतात का?", तिसरा फोन ठेवतो. चौथा म्हणतो, "माझ्याकडे पण आहे साहेब, जर्मन शेफर्ड." त्याला धरून ठेवा. तो जाऊन-येऊन, थांबण्याचे आणि सीट धुण्याचे धरून पाच-सहा हजार घेईल, आणि इगतपुरीपर्यंत आपल्या शेफर्डच्या कंबरेची कथा सांगेल. त्यानं ती स्पेशालिस्टशिवाय बरी केलेली असते. तेल कुठलं, ते विचारू नका.

पायरी सहावी : "किती खर्च येईल?"

हे तीन शब्द मोठ्यानं उच्चारणं हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत अवघड भाग. रविवार कारंजावर कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस करणारा माणूस स्पेशालिस्टसमोर येऊन मुका होतो. फ्रीज घेताना सहा दुकानं फिरलेलं जोडपं पेनाकडे बघतसुद्धा नाही, सही करून टाकतं.

कारण असं. माणसांच्या दवाखान्यात मधे विमा कंपनी असते. खर्चाचा अंदाज ती मागते, आपण नुसते उभे असतो. इथे तुमच्या आणि डॉक्टरच्या मधे फक्त कुत्रा आहे, आणि तो तुमच्याकडे बघतोय. आकडा विचारला तर आपण प्रेमाची किंमत करतोय असं दिसेल, ही भीती. डॉक्टरचीही एक भीती असते. एकदम मोठा आकडा सांगितला की लोक "गाडीतून फाइल घेऊन येतो" म्हणून जातात आणि परत येत नाहीत, हे त्यानं पाहिलेलं असतं. म्हणून तो एकेक तपासणी सांगतो. आधी सोनोग्राफी. मग लघवीची तपासणी. मग रक्तदाब, होय, कुत्र्याचा रक्तदाब घेतात, छोटा पट्टा पायाला किंवा शेपटीला बांधून, आणि आपला तेव्हा कोणी घेत नाही हेच बरं. मग दोन दिवस ॲडमिट. प्रत्येक टप्प्याला दोन्ही बाजू मान हलवतात. बिल असं निव्वळ सभ्यपणापायी वाढत जातं. स्पेशालिस्टची स्वतःची फी, हजार-दोन हजारांच्या घरातली, या सगळ्यात कुठे गेली ते शोधावं लागतं.

उलटी पद्धत वापरून बघा. खुर्चीत बसल्या बसल्या, सोनोग्राफीच्या आधी, म्हणा: "डॉक्टर, आमच्याकडे इतके आहेत. इतक्यात काय होईल आणि काय होणार नाही?" आकडा खरा सांगा. चांगल्या डॉक्टरचा चेहरा इथे सैल पडतो, कारण आता त्याला अंदाज बांधावा लागत नाही. मग विचारा, ही तपासणी केल्यावर उपचार बदलणार आहेत का? बदलणार नसतील, तर ती कोणासाठी? आणि दिवसाचे किती, आगाऊ किती, तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन उतरलं नाही तर पुढे काय, हे एका कागदावर लिहून घ्या. कुत्र्यांचं डायलिसिस मोजक्याच ठिकाणी होतं. तो शब्द निघालाच तर एका खेपेचे किती आणि खेपा किती, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. या प्रश्नांनी ब्रूनोचं काही बिघडत नाही. त्याला क्रिएटिनिनही कळत नाही आणि यूपीआयही.

काही कुटुंबं आकडा ऐकून उठतात आणि कुत्र्याला घेऊन घरी जातात. त्यांना निर्दय म्हणणारे लोक प्रतीक्षागृहात नेहमी असतात, बहुधा एसीखालच्या खुर्चीवर. महिन्याच्या पगाराच्या तिप्पट बिल समोर आलं, तर गावातच सलाइन लावून, मळमळीचं औषध देऊन, जितके दिवस आहेत तितके बरे जातील असं बघणं हाही उपचारच आहे, आणि तो लाज न वाटता मागता येतो. मूत्रपिंडं पुरती थांबली असतील, तर डॉक्टर झोपवण्याच्या इंजेक्शनविषयी बोलतात. दवाखान्याच्या दरपत्रकातल्या सर्वांत स्वस्त ओळींपैकी ती एक असते. तिच्यावर घासाघीस केलेली मी कधी ऐकली नाही.

आपला ब्रूनो वाचतो, असं धरून पुढे जाऊ. मार्गदर्शिका अजून संपलेली नाही.

पायरी सातवी : नातेवाइकांना सांगायचा आकडा

आकडे तीन तयार ठेवा. एक खरा, जो फक्त बँकेच्या मेसेजमध्ये आहे. दुसरा घरातल्यांसाठी, ज्यात टॅक्सी धरायची नाही, कारण "मुंबईला तसंही जायचंच होतं". तिसरा आत्यासाठी. आत्या पहिल्याच वाक्यात विचारणार, "एवढ्यात दुसरा नसता आला?" तिला टाटांची गोष्ट सांगा. तेवढ्यानं भागलं नाही तर साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या काढा. शिकारीत वाघ अंगावर येताना त्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, अशी कथा सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. आत्या लगेच म्हणेल, "त्यानं जीव वाचवला होता. तुमच्यानं काय केलं? पेटी संपवली." याला उत्तर नाही. चहा विचारा.

एक दिलासा खिशात असू द्या: पशुवैद्यकीय उपचारांवर जीएसटी नाही. कुत्र्याच्या विकतच्या खाद्यावर मात्र 18 टक्के आहे, आणि मूत्रपिंडाच्या कुत्र्यासाठीचं खास खाद्य किलोला हजाराच्या आसपास पडतं. आपण इंद्रायणी तांदूळ खातो.

पायरी आठवी : विमा

विमा काढायची योग्य वेळ ब्रूनो तीन महिन्यांचा होता तेव्हाची. विचार मात्र आता येतो, घरी परतताना, साधारण खर्डीच्या आसपास. कुत्र्यांच्या पॉलिसी आपल्याकडे आहेत. सरकारी कंपन्यांच्या जुन्या, आणि 2020 मध्ये बजाज अलायन्झनं वेगळी काढली. जवळपास सगळीकडे वयाची मर्यादा असते आणि आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. ब्रूनोची मूत्रपिंडं आता आधीपासूनची झाली. तरीही फोन करा, माहिती फुकट मिळते. पलीकडची मुलगी नम्रपणे नाही म्हणते, आणि मग विचारते, "सर, घरी आणखी कोणी पेट आहे का?"

मांजर असेल तर सांगू नका. तिला घाटातून न्यायची पद्धत वेगळी आहे आणि तिला होकार देणारा ड्रायव्हर वेगळा शोधावा लागतो.